सुलतानाचे स्वप्न आणि आमच्या बायांचे प्रश्न



वर्षावास संपला की आमच्या डहाणूच्या वस्तीतले विहार एकदम ओके ओके वाटू लागते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाया कामावरून येतात, हातपाय धुतात, बसतात, ऐकतात. शेवटच्या दिवशी खीर वाटली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून विहाराला कुलूप. गेल्या खेपेला एका ताईंनी खिरीची वाटी हातात धरूनच मला विचारले, "मॅडम, आता रविवारी आम्ही काय ऐकायचं?" मी साधी कारकून आहे, पण वस्तीत कचेरीत जाणाऱ्या बाईला मॅडमच म्हणतात. मी म्हटले, गोष्ट ऐकायची. कसली? विज्ञानकथा. बाईने लिहिलेली, बायांच्या राज्याची.

हसू नका. आमच्या मंडळातले एक दादाही असेच हसले होते. म्हणाले, "ताई, आपले प्रश्न काय, आणि तुम्ही आकाशातल्या गप्पा काय सांगता!" दादांचा मुद्दा मी टाकून देत नाही. नळाला पाणी नाही, पोरांना नोकरी नाही, तिथे उडत्या गाड्यांची गोष्ट कशाला? पण मला एक वाटत होते. आपल्या समाजाने कालचे पुष्कळ लिहिले. आत्मकथने लिहिली, कविता लिहिल्या, अन्यायाची नोंद ठेवली. ते केलेच पाहिजे होते. मात्र उद्याचे घर कसे हवे, उद्याचे गाव कसे हवे, हे बसून कोणी विचारलेच नाही, आणि बायांना तर नाहीच नाही.

विज्ञानकथा म्हटले की आपल्याला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली, म्हणजे परीक्षकांवर मोठ्या नावाचे दडपण नको. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मराठीत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी अशा लेखिकांनीही विज्ञानकथा लिहिल्या आहेत. पण मी जी गोष्ट निवडली ती या सर्वांच्या फार आधीची, १९०५ सालची. माझ्या भाच्याने मुंबईहून एक पातळसे इंग्रजी पुस्तक आणून दिले होते. माझे बी.कॉम. मराठी माध्यमातले. शब्दकोश शेजारी ठेवून दोन रात्रींत वाचले आणि तिसऱ्या रात्री झोप लागली नाही.

पुस्तकाचे नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचे स्वप्न. लेखिका रोकेया सखावत हुसेन. त्यांचा जन्म १८८० साली रंगपूरजवळच्या पायराबंद गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचे, पडदा कडक. मुलींनी बंगाली किंवा इंग्रजी शिकायचे नाही, असा दंडक. थोरला भाऊ रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवी. पुढे भागलपूरच्या एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी लग्न झाले. नवरा वयाने बराच मोठा, पण शिक्षणाचा कैवारी. तो दौऱ्यावर असताना वेळ घालवायला म्हणून रोकेयांनी ही कथा इंग्रजीत लिहिली. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली आणि १९०८ साली कलकत्त्याला तिचे पुस्तक निघाले. १९०९ साली नवरा वारला, तेव्हा त्यांनी भागलपुरात मुलींची शाळा काढली. दोन वर्षांनी ती कलकत्त्याला नेली. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या गेल्या. बांगलादेशात हा दिवस रोकेया दिवस म्हणून पाळतात.

आता गोष्ट. सुलताना नावाची बाई आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या स्त्रियांचा विचार करते आहे. झोप लागली की जागी आहे, तिचे तिलाच कळत नाही. तेवढ्यात सारा नावाची मैत्रीण येते आणि तिला फिरायला नेते. बाहेर लख्ख सकाळ. रस्त्यावर गर्दी, पण एकही पुरुष नाही. सुलतानाला बिनबुरख्याचे चालायचा संकोच वाटतो, तर तिथल्या बाया हसतात आणि म्हणतात, ही पुरुषी दिसते! पुरुषी म्हणजे लाजरी आणि भित्री. इथे आमच्या बैठकीत पहिला हशा पिकला आणि विहाराच्या दाराशी उभी असलेली पोरेसुद्धा आत सरकली.

त्या देशात पुरुष घरात आणि बाया बाहेर. जनानखाना असतो तसा तिथे मर्दानखाना. कसे झाले हे? त्या देशाच्या राणीला विज्ञानाची आवड. तिने हुकूम काढला की सर्व स्त्रियांनी शिकलेच पाहिजे, आणि एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न करायचे नाही. बायांची दोन विद्यापीठे निघाली. एकीने असा फुगा तयार केला की तो ढगांच्या वर तरंगतो आणि नळ्यांनी ढगातले पाणी ओढून घेतो. दुसरीने सूर्याची उष्णता साठवायचे यंत्र काढले. पुरुष मात्र सैन्य वाढवण्यात गुंग. बायांच्या संशोधनाची टिंगल करत होते. मग शेजारच्या राजाने स्वारी केली. आपले सैन्य हरले. तेव्हा विद्यापीठाच्या मुख्य बाई म्हणाल्या, पुरुषांनी घरात जावे, आता आम्ही बघतो. दोन हजार विद्यार्थिनी घेऊन त्या रणांगणावर गेल्या आणि साठवलेली सूर्याची सगळी उष्णता त्यांनी शत्रूवर सोडली. शत्रू पळाला. पुरुष घरात गेले ते गेलेच.

मला स्वतःला आवडलेली जागा वेगळीच आहे. सुलताना विचारते, कचेरीचे काम आणि घरचे काम तुम्हाला जमते कसे? सारा सांगते, माझे काम दोन तासांत होते. पुरुषांना सात तास लागत, कारण ते चिरूट ओढत बसत. एक चिरूट जळायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरातच गेले! मी कॉमर्सची, हिशोब लगेच पटला. आमच्या कचेरीत चिरूट नाही. चहा आहे, तंबाखू आहे, आणि साहेब यायची वाट बघणे आहे. ही जागा मी दोनदा वाचून दाखवली.

गोष्ट संपली. मला वाटले, आता टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या नाहीत, प्रश्न पडले.

पहिल्या बोलल्या त्या फुग्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मावशी. आपल्या डहाणूत रबरी फुगे बनतात हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. जत्रेत, वाढदिवसाला जे फुगे उडतात त्यातले पुष्कळ इथल्या बायांच्या हातातून गेलेले असतात. मावशी म्हणाल्या, "तो ढगातला फुगा कशाचा केला होता? आमचा फुगा उन्हात ठेवला तर चिकट होतो, फुटतो. ढगाच्या वर तर ऊनच ऊन." माझ्याकडे उत्तर नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांत ही कथा किती विद्वानांनी वाचली असेल. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला सुचला असेल असे मला वाटत नाही. मग पाण्यावर बोलणे निघाले. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी वसई-विरारपर्यंत जाते, आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. एकजण म्हणाली, "फुगा नको, नळीच द्या. फक्त तिचं तोंड आमच्याकडे करा."

दुसरा विषय चुलीचा. राणीच्या देशात स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, नळीतून सूर्याची उष्णता येते आणि अन्न शिजते. सगळ्या गप्प झाल्या. घरात सिलिंडर आहे, पण तो संपला की पुढच्या पगारापर्यंत लाकूडफाटा. आणि खाडीकाठी १९९५-९६ पासून ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. कोळसा जळतो आपल्या गावात आणि दिवे लागतात मुंबईच्या उपनगरांत. १९९१ साली सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला, तरी ते झालेच. रोकेयांनी १९०५ साली सूर्याची उष्णता म्हटले होते, कोळसा नाही.

मग पुरुषांना कोंडण्याचा मुद्दा. तरुण मुली खूश. "बरोबर केलं, मॅडम!" तेव्हा आतापर्यंत भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. म्हणाल्या, "कोंडायचं म्हणजे राखण कोणी करायची? परत आपणच. भाकर कोणी न्यायची? परत आपणच. मला नको बाई असलं राज्य." एवढा हशा झाला की शेजारच्या घरातली माणसे बघायला आली.

आमच्यात एक वारली मावशी बसतात. मूळच्या तलासरीकडच्या, कामासाठी इथे भाड्याने राहतात. त्यांना राणीचे काहीच नवल वाटले नाही. म्हणाल्या, "आमचं लग्न बाईच लावते. धवलेरी आल्याबिगर लग्न होत नाही." खरेच आहे. वारल्यांत लग्नविधी गाऊन लावणारी धवलेरी ही बाईच असते, आणि लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मानही पूर्वीपासून बायांचा. मी इथे इतकी वर्षे राहते, वारली चित्रांचे कॅलेंडर घरात लावते, पण लग्न लावणारी बाई आपल्या शेजारी आहे हे मी कधी मोजलेच नव्हते. उठून बंगालचे पुस्तक शोधायला गेले!

आणि सर्वांत शेवटी नगरपालिकेत सफाईचे काम केलेल्या एका ताईंनी विचारले, "त्या देशात गटार कोण काढतं?"

मी पुस्तक पुन्हा चाळले. रस्ते बागेसारखे आहेत, डास नाहीत, रोगराई नाही. शेत विजेवर नांगरले जाते. पण गटार कोण काढते ते लिहिलेले नाही. ताई म्हणाल्या, "लिहिलं नाही म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी काढत असणार." कोणी हसले नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली आला, गटारात माणूस मेला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला, आणि तरी माणसे गटारात उतरतातच. रोकेयांचा मी अपमान करत नाही. पडद्यात वाढलेल्या बाईने जे पाहिले ते त्यांनी लिहिले. जिला बाहेर पडू देत नव्हते तिचे स्वप्न बाहेर पडण्याचे होते. आपल्या बाया कधी घरात बसल्याच नाहीत. त्यांना शेतावर, रस्त्यावर, दुसऱ्याच्या दारात जावेच लागले. त्यांचे स्वप्न निराळे असणार. पण ते निराळे आहे हे मला एकटीला वाचून कळले नव्हते. पंचवीस बायांत वाचले तेव्हा कळले.

या गोष्टीने एका घरात वादही लावला, तो सांगितला पाहिजे. बैठकीला बारावी सायन्स झालेली एक मुलगी येते. अठरा पूर्ण, एकोणीस चालू. वापीला कंपनीत असलेल्या मुलाचे स्थळ आले होते. तिने घरी सांगितले, राणीच्या देशात एकवीसच्या आत लग्न नाही, मीपण करणार नाही. पुढच्या रविवारी तिचे वडील विहारात आले. चांगला माणूस, जयंतीच्या कामात पुढे असतो. चप्पल दारात काढली आणि उभ्यानेच म्हणाले, "ताई, पुस्तकातली राणी माझ्या पोरीची फी भरणार आहे का?"

प्रश्न चुकीचा नाही. मी त्यांना बसवले. म्हटले, राणी राहू द्या बाजूला. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ आहे, ते एकवीस करायचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. तेव्हा कायदा तुमच्या बाजूने आहे, भाऊ. पण २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी काय सांगितले? लग्नाची घाई करू नका, लग्न ही एक जबाबदारी आहे, आर्थिक दृष्ट्या मुले उभी राहीपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका. ज्यांची तसबीर आपण घरात लावतो त्यांनी हे सांगितले. त्यांनी मान खाली घातली, पण म्हणाले, "ते खरं. पण फीचं काय?" मग मी माझे कारकुनी हत्यार काढले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, बँकेचे पासबुक. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, त्याला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यांना वाटत होते, शिष्यवृत्ती फक्त इंजिनियर-डॉक्टर होणाऱ्यांना असते. असा गैरसमज किती घरांत असेल! अर्ज भरला. स्थळ वर्षभर थांबवले आहे. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण मुलगी बी.एस्सी.च्या वर्गात बसते आहे.

त्यानंतर बायांनीच सांगितले, आता अशी गोष्ट आणा की ती आमच्यासारख्या बाईने लिहिलेली असेल. मी शोधले आणि मला सापडल्या अमेरिकेच्या ऑक्टेव्हिया बटलर. त्या काळ्या समाजातल्या, जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरातला. वडील बूटपॉलिश करत, ते लहानपणीच वारले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करी. मागच्या दाराने आत जायचे, मागच्या दाराने बाहेर यायचे. मालकांनी टाकून दिलेली पुस्तके आई घरी आणी आणि मुलगी ती वाची. मुलीला अक्षरे वाचायलाच अडचण होती, स्वभाव लाजरा. पुढे त्यांनी भांडी घासली, बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात माल तपासला आणि पहाटे दोनला उठून लिहिले. १९९५ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान तोवर मिळाला नव्हता. २००६ साली त्या गेल्या. ही हकिकत सांगताना धुणीभांडी करणाऱ्या दोन ताई एकमेकींकडे बघत होत्या.

त्यांची 'किंड्रेड' ही कादंबरी १९७९ ची. किंड्रेड म्हणजे रक्ताचे नातेवाईक. मोठी कादंबरी, मी चार रविवार सांगितली. डाना नावाची काळी तरुणी १९७६ साली नव्या घरात पुस्तके लावते आहे. एकाएकी तिला भोवळ येते आणि ती शंभर-दीडशे वर्षे मागे फेकली जाते, गुलामगिरीच्या काळात. समोर एक गोरा मुलगा नदीत बुडतो आहे. ती त्याला वाचवते. मग कळते की तो तिचाच पूर्वज आहे. मालकाचा मुलगा. तो जगला तरच तिचा वंश पुढे जन्माला येणार. म्हणजे आपल्या लोकांना छळणाऱ्याला तिने पुन्हा पुन्हा वाचवायचे, आणि तिथे राहायचे तर मान खाली घालूनच राहायचे. शिकलेली, स्वाभिमानी बाई. पण फटक्यांपुढे कशी वाकते हे तिचे तिलाच दिसते. शेवटी ती आपल्या काळात परत येते, पण एक हात गमावून.

ही कादंबरी का लिहिली हे बटलरबाईंनी मुलाखतींतून सांगितले आहे. काळ्यांच्या चळवळीतला त्यांच्या ओळखीचा एक तरुण म्हणाला होता की ज्या म्हाताऱ्यांनी इतकी वर्षे सहन केले त्यांच्यामुळेच आपण मागे राहिलो, त्यांना मारून टाकावेसे वाटते. बटलरना आपली आई आठवली, ते मागचे दार आठवले. ती वाकली म्हणून घरात अन्न आले, हे त्या तरुणाला माहीत नव्हते. आपल्याकडे १९७२ साली ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. तो राग आपणही ओळखतो.

आमच्या बैठकीतही तसेच झाले. बी.एस्सी.ची तीच मुलगी म्हणाली, "मी असते तर मालकाला कोयताच घातला असता. ऐकून घेतात म्हणून तर चढतात." वारली मावशी हळूच म्हणाल्या, "बोलायला काय जातं? आमच्या आज्यानं लग्नाला कर्ज काढलं. बायको आणली ती सावकाराच्याच घरात आणली. दोघं तिथंच राबली." ही लग्नगड्यांची पद्धत. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जमीनदाराची वेठ करायची आणि कर्ज काही फिटायचे नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. मे १९४५ मध्ये आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी आदिवासींची परिषद झाली, तिथे वेठबिगार नाकारायचे ठरले. मावशी म्हणाल्या, "आजा झरीला गेला होता. पण तो तोपर्यंत जिता राहिला म्हणून गेला ना?"

त्या रात्री घरी जेवणे झाल्यावर सासूबाई ओट्यापाशी आल्या. त्या स्वतःविषयी फार बोलत नाहीत. त्यांचे माहेर नाशिक जिल्ह्यातले. धर्मांतर झाले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या. म्हणाल्या, "आमच्याकडं येसकरपाळी होती. आई टोपली घेऊन दारोदार भाकर मागायची. मी शाळेत जायची. वर्गातल्या पोरीच्याच घरासमोर ती उभी राहिली की मी पळून जायची. पुढं पाळी बंद झाली, वतन गेलं. पण मी तिला शेवटपर्यंत बोलत राहिले, तुला लाज कशी नाही वाटली म्हणून. ती काहीच बोलायची नाही. आज तुझ्या त्या गोष्टीतल्या बाईचा हात तुटला तेव्हा मला आई दिसली."

महार वतन कायद्याने गेले १९५८ साली. एवढी वर्षे हे वाक्य त्यांच्या आत राहिले. माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली, मी चळवळीतली, वस्तीतल्या पन्नास बायांच्या मुलाखती घेतल्या आहेत. सासूबाईंना मी कधी विचारले नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी हे बैठकीत स्वतः सांगितले. ती कोयतेवाली मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही.

बैठक चालू आहे. कधी आठ बाया असतात, कधी तीस. जत्रेच्या दिवसांत कोणीच येत नाही. दोन-तीन पुरुषही येऊन बसू लागले आहेत. चहा त्यांनी करायचा असा नियम ठेवला आहे, आणि चहा फार गोड होतो. हसलेले दादा अजून आले नाहीत, त्यांना निरोप देऊन ठेवला आहे.

आता बायांनी ठरवले आहे की दुसऱ्यांच्या गोष्टी पुरे, आपल्या देशाची गोष्ट आपण लिहायची. सांगायचे सर्वांनी, लिहायचे त्या बी.एस्सी.च्या मुलीने. तिने वही केली आहे. पाण्याची नळी झाली, चूल झाली, रात्रीच्या शेवटच्या लोकलला बायांच्या डब्यात उजेड झाला. सासूबाईंच्या आग्रहावरून कोणालाच कोंडलेले नाही. फक्त गटारापाशी गाडी अडली आहे. तिने गटार काढायचे एक यंत्र लिहिले. सफाईवाल्या ताईंनी ते ऐकून घेतले आणि विचारले, "बरं. आणि संध्याकाळी ते यंत्र कोण धुणार?"

मुलीने दोन रविवारांची मुदत मागून घेतली आहे.